नऊ नंबरचा टेक

नायिका पहिल्यांदा खोकली तेव्हा सिनेमा सुरू होऊन जेमतेम चौदा मिनिटं झाली होती. भाऊंनी हेडफोन एका कानावरून सरकवला आणि जाहीर करून टाकलं, "ही मरणार."

"अहो, अजून तिची त्याच्याशी धड ओळखही झालेली नाही," मास्तर म्हणाले.

"होईल की. ओळख होईल, प्रेम होईल, हिवाळा येईल आणि शेवटच्या वीस मिनिटांत ही जाईल. लावता पैज?"

मास्तरांनी पैज लावली नाही. सिनेमा त्यांनी आधीच चारदा पाहिला होता आणि पोरगी चारही वेळा ठरल्या वेळी मेली होती.

मास्तर एके काळी शाळेत भाषा शिकवायचे. निवृत्त झाल्यापासून ते परक्या सिनेमांचे संवाद आपल्या भाषेत लिहायचे, पडद्यावरच्या माणसांच्या ओठांवर बसतील असे, आणि मग माईकसमोर कलाकारांकडून बोलून घ्यायचे. भाऊ ध्वनिमुद्रक. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या स्टुडिओत काचेच्या पलीकडे माईक, पडदा आणि एक उंच स्टूल होतं. अलीकडे भाऊंची बटणं, मास्तरांची खुर्ची आणि पाहुण्यांसाठी एक सोफा होता, ज्याची स्प्रिंग बसणाऱ्याला नेमकी नको तिथे बोचायची. काचेपलीकडे कुणी कुजबुजलं, गिळलं, पोटात गुरगुरलं, तरी ते भाऊंच्या कानात पडायचं. त्या कानांचा त्यांना भारी अभिमान होता. पुढे जे झालं ते त्या कानांमुळेच झालं.

सिनेमाची गोष्ट सांगायची तर श्वास न घेता सांगता येईल. एक मुलगा परदेशी शिकायला जातो. माळ्यावरची खोली भाड्यानं घेतो. जाड चष्मा, पाठीवर पुस्तकांचं ओझं, आणि स्वभाव इतका सज्जन की भाऊंना त्याला एक ठेवून द्यावीशी वाटायची. घरमालकाची मुलगी जिना झाडताना भेटते. मग एका छत्रीत दोघं, एका मफलरमध्ये दोघं, आणि रुमालात लपवलेला तो खोकला. शिक्षण संपतं, मुलगा परत निघतो. ती त्याला दुखण्यातलं अवाक्षर सांगत नाही, पण गाडी सुटता सुटता धापा टाकत फलाटावर येते आणि खिडकीशी एकच वाक्य बोलते. गाडी जाते. मग पत्र येतं. मग सगळं थिएटर नाक शिंकरतं. "रडायच्या जागा पाच आहेत," मास्तर म्हणाले होते, "पण खरी ही एकच, खिडकीची. ही साधली तर बाकीच्या चार फुकटात साधतात."

आणि त्या नायिकेचा आवाज होत्या वहिनी.

वहिनी म्हणजे भाऊंची बायको. स्टुडिओत भाऊंना सगळे भाऊ म्हणायचे, म्हणून तिला सगळे वहिनी म्हणायचे. तिचं नाव काय हे पगारपत्रक लिहिणाऱ्यालाही आठवावं लागे. सोळा वर्षं ती या माईकसमोर उभी होती आणि सोळा वर्षांत तिनं काय काय केलं नव्हतं? नर्सा केल्या, खाष्ट शेजारणी केल्या, गर्दीतल्या किंकाळ्या केल्या, एकदा तर आजारी शेळी केली आणि ती शेळी पाहून, म्हणजे ऐकून, एका वितरकाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. नायिका मात्र तिच्या वाट्याला कधी आली नव्हती. यावेळी नेहमीच्या नायिकेचा घसा बसला, सिनेमा तर महिन्याभरात द्यायचा होता, आणि मास्तर भाऊंकडे न बघताच म्हणाले, "वहिनी, तुम्ही बघता का करून?" वहिनींनी "बघते" म्हटलं आणि घरी जाऊन आनंदानं दोन वेळा आमटी खारट केली.

आता या धंद्यातली एक खोच सांगायला हवी. ज्या भाषेतून सिनेमा आला होता त्या भाषेत समोरच्याला बोलवायला एकच शब्द. देव असो, भाडेकरू असो, कुत्रं असो, सगळ्यांना तोच. आपलं तसं नाही. आपल्याकडे 'तू' आणि 'तुम्ही' यांच्यामध्ये अख्खं आयुष्य मावतं. म्हणून असल्या प्रत्येक प्रेमकथेत मास्तरांचं डोकं दुखायचं: पोरीनं 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी यायचं? छत्रीत? मफलरमध्ये? यावेळी त्यांनी ठरवलं, कधीच नाही. ती घरमालकाची मुलगी, तो भाडेकरू. ती शेवटपर्यंत 'अहो' म्हणणार आणि खिडकीशीही "जाऊ नका ना" असंच म्हणणार. "'तुम्ही' म्हणत म्हणत मेली म्हणजे जास्त रडतात लोक," मास्तर म्हणाले. अनुभवाचे बोल होते ते.

खिडकीच्या प्रसंगाच्या दिवशी वहिनींनी एक गोष्ट मागून घेतली. नायकाचा आवाज आधीच मुद्रित झाला होता. तो कानात सोडा, म्हणजे मला बोलायला कुणीतरी मिळेल, असं त्या म्हणाल्या. नायकाचा आवाज होता मधाळरावांचा. हे त्यांचं टोपणनाव. खोकल्याच्या औषधाच्या जाहिरातीत "आराम मिळेल" एवढे दोनच शब्द बोलून हा माणूस घराघरांत पोचला होता. भाऊंनी स्वतःच्या हातानं ते बटण वर केलं आणि तो आवाज बायकोच्या कानात सोडला.

पहिले आठ टेक ठीक गेले. "जाऊ नका ना." मास्तर म्हणायचे, "छान. अजून एकदा." वहिनी पडद्याकडे बघत पुटपुटायच्या, मान हलवायच्या, पुन्हा उभ्या राहायच्या. नवव्या टेकला गाडीची शिट्टी झाली, पोरगी खिडकीशी आली, आणि वहिनी म्हणाल्या,

"जाऊ नकोस."

भाऊंच्या समोरचा आवाज मोजणारा काटा थरथरला आणि खाली बसला. त्या दोन शब्दांच्या आधी एक श्वास होता, अर्धाच घेतलेला, आणि 'नकोस'मधला 'स' जवळजवळ ऐकूच येत नव्हता. मास्तरांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, परत घातला, परत काढला.

"हे कागदावर नव्हतं," ते म्हणाले. "पण हेच पाहिजे होतं. भाऊ, नऊ नंबर. नऊ नंबरला हात लावू नका कुणी."

मधाळराव स्वतःच्या कामासाठी लवकर येऊन सोफ्यावर बसले होते. स्प्रिंगची पर्वा न करता ते उठले आणि वहिनी दारातून बाहेर येताच म्हणाले, "वा! वहिनी, आतमध्ये 'तू' आणि बाहेर 'अहो'? हा आमच्यावर अन्याय आहे हां!"

वहिनी हसल्या. घाम पुसत, मोकळेपणानं, लहान मुलीसारख्या हसल्या. भाऊ हसले नाहीत.

आपल्याला काय बोचलं हे त्यांना लगेच कळलं. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. अगदी पहिल्या महिन्यात, बाहेर फिरायला गेलेले असताना, भाऊंनी मोठ्या धीरानं तिला म्हटलं होतं, "मला 'तू' म्हण ना. नावानं हाक मार." तिनं प्रयत्न केला होता. 'त' म्हणून थांबली, तोंडावर हात घेतला आणि पोट दुखेपर्यंत हसली. "नाही हो जमत. जीभच वळत नाही," असं म्हणाली. भाऊही हसले. विषय संपला. पण माणसाला जे मिळत नाही ते तो विसरत नसतो, नुसतं बाजूला ठेवतो. अठरा वर्षं ती त्यांना 'अहो' म्हणत होती, 'ऐकलंत का' म्हणत होती, आणि भाऊ स्वतःची समजूत घालत होते की हिची जीभच तशी आहे, कुणासाठीच वळत नाही.

वळत होती. कापडाच्या पडद्यावरच्या एका चष्मेवाल्या टोणग्यासाठी वळली होती.

त्या दिवशी सगळे गेल्यावर त्यांनी तो टेक पुन्हा लावला. मग पुन्हा. चौदा वेळा ऐकला. तो अर्धा श्वास त्यांनी ताणून मोठा करून ऐकला. असा श्वास उगाच येत नाही, त्यांचे कान त्यांना सांगत होते. यामागे माणूस आहे. कोण? पहिला संशय मधाळरावांवर गेला. त्यांचाच आवाज तिच्या कानात होता. शिवाय तो विनोद! दोन दिवस भाऊ त्या माणसावर डोळा ठेवून होते. मधाळराव आले, मधाळराव बोलले, मधाळरावांनी सोफ्यावर बसून डब्यातलं थालीपीठ खाल्लं आणि बायकोला फोन करून "मीठ कमी झालंय गं" असं सांगितलं. त्या आवाजात सांगितलं तरी ते मीठच होतं. भाऊंनी नाइलाजानं त्यांना सोडून दिलं.

मग त्यांना सिनेमातल्या त्या मुलाचा जाड चष्मा आठवला: असा कुणी हिच्या लहानपणी होता का?

संध्याकाळी त्यांनी मेहुण्याला, म्हणजे वहिनींच्या धाकट्या भावाला, फोन लावला. तब्येत झाली, हवापाणी झालं, आणि मग भाऊ अगदी सहज वाटेल अशा आवाजात म्हणाले, "तुमच्या लहानपणी तिथं शेजारी कोण कोण राहायचं हो?"

"का? घर घेताय का तिकडे?"

"छे, असंच. ही परवा काहीतरी सांगत होती."

मेहुण्याला बोलायला विषयच हवा होता. त्यानं खालच्या मजल्यावरच्या रेल्वेवाल्यांपासून सुरुवात केली, एका हार्मोनियमवाल्याकडून, एका पिसाळलेल्या मांजरीकडून तो पुढे गेला, आणि बाविसाव्या मिनिटाला म्हणाला, "आणि समोर तो चष्म्या. ताईच्याच वर्गात होता. हुशार हो फार. परदेशी गेला शिकायला, तो तिकडचाच झाला. दातांचा डॉक्टर आहे आता."

भाऊ फोन हातात धरून उभेच राहिले. चष्मा. परदेश. शिकायला. सिनेमाची गोष्ट कागदावर उतरवून कुणीतरी त्यांच्या घरात आणून टाकली होती. आपण गेला महिनाभर बायकोला रोज सकाळी डबा भरून घेऊन जातोय ते तिला तिच्या चष्म्यासमोर उभं करायला, असं त्यांच्या मनात आलं आणि अंगाचा नुसता तिळपापड झाला. दातांचा डॉक्टर! निदान हृदयाचा तरी असायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाला त्यांनी कपाकडे बघत विचारलं, "तुमच्या समोर एक चष्म्या राहायचा म्हणे."

वहिनींचा चेहरा उजळला. भाऊंनी तो उजळताना पाहिला. "अगं बाई, हो! तुम्हाला कुणी सांगितलं? काय गोड मुलगा होता. कुठे असतो कुणास ठाऊक."

"दात काढतो लोकांचे. परदेशात."

"हो का? बरं झालं," वहिनी म्हणाल्या आणि चहात बिस्किट बुडवलं. ते त्यांनी जरा जास्तच वेळ बुडवून ठेवलं, असं भाऊंना वाटलं. बिस्किट तुटून कपात पडलं. भाऊंना आणखी पुरावा नको होता.

स्टुडिओत ते सगळ्यांच्या आधी पोचले. यंत्रं सुरू केली, फोल्डर उघडलं. एक ते नऊ टेक ओळीनं होते. नवव्यावर मास्तरांनी आनंदाच्या भरात तीन चांदण्या टाकायला लावल्या होत्या. भाऊंनी शेवटचं एकदा ऐकलं. "जाऊ नकोस." त्यांनी तो उडवला. मग कचरापेटीतून उडवला. मग उठून कपाटातली दुसरी डिस्क काढली, जिच्यावर रोजच्या कामाची राखीव प्रत असायची, आणि तिथूनही उडवला. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं आणि खाली जाऊन त्यांनी एक कडक कॉफी घेतली. किती दिवसांनी तोंडाला चव आली होती.

अकरा वाजता मास्तर आले. खुर्चीत टेकता टेकता म्हणाले, "भाऊ, जरा नऊ नंबर लावा. काल रात्री माझ्या घरी जेवताना मी बायकोला करून दाखवलं, पण तसं काही आलं नाही."

"नऊ नंबर नाही."

"नाही म्हणजे?"

"डिस्क खराब झाली. तेवढाच गेला."

मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला, खरंच मारून घेतला, आवाज आला. मग ते उठून दारापर्यंत गेले, परत आले. "राखीव?"

"तीसुद्धा."

सिनेमा परवा पाठवायचा होता. वहिनींना बोलावणं गेलं. त्या आल्या, सगळं ऐकून घेतलं, आणि काही न विचारता काचेपलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. फक्त हेडफोन घालण्याआधी एकदा काचेतून भाऊंकडे बघितलं. भाऊ बटणांकडे बघत होते.

मग टेक सुरू झाले. गाडीची शिट्टी, खिडकी, "जाऊ नकोस." एक. दोन. पाच. वहिनी मनापासून करत होत्या, पण ते येत नव्हतं. कधी श्वास फार मोठा यायचा, कधी आवाज रडका व्हायचा, एकदा तर त्या चुकून नर्सच्या आवाजात म्हणाल्या. बाराव्या टेकनंतर मास्तर म्हणाले, "चांगलं आहे हो," आणि त्या 'हो'मध्येच सगळं आलं. वहिनींनी हेडफोन काढला.

"राहू द्या मास्तर. कागदावर आहे तसंच घ्या."

"जाऊ नका ना" एका टेकमध्ये झालं. बरं झालं. कुणी नावं ठेवली नसती असं झालं. लोक रडले असते, कारण पोरगी पुढे मरतच होती आणि मेल्यावर लोक रडतातच. मास्तरांनी वहीत खूण केली आणि घरी गेले. भाऊ जिंकले होते. साधारण अर्धा तास त्यांना जिंकल्यासारखं वाटलंही.

दुपार कलता कलता दोघं घरी आले. वहिनी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मटारच्या शेंगा घेऊन बसल्या. भाऊ समोर बसून वर्तमानपत्र वाचू लागले. दहा-बारा शेंगा सोलून झाल्या.

"डिस्क कुठली हो खराब झाली?" वहिनींनी विचारलं.

"ती... रोजची."

"आणि कपाटातली?"

"तीही त्याच वेळी. विजेचा काहीतरी घोळ."

"कपाटातल्या डिस्कला वीज कुठून आली?"

भाऊंनी पान उलटलं. वर्तमानपत्रच उलटं धरलं गेलं होतं.

"सोळा वर्षांत तुमच्या हातून माझी एक शिंक हरवलेली नाही," वहिनी म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "त्या शेळीचं बेंबें अजून जपून ठेवलंय तुम्ही. आणि नेमका हाच टेक गेला? तेवढाच?"

भाऊंना खोटं बोलायची सवय नव्हती. म्हणून ते सगळं एकदमच बोलून बसले. "मी उडवला."

"का?"

"तू 'तू' म्हणालीस म्हणून."

"कुणाला?"

"तेच तर मला कळत नाही!"

वहिनींनी हातातली शेंग खाली ठेवली. मग भाऊंनी चष्म्याचं सांगितलं, मेहुण्याच्या फोनचं सांगितलं, बिस्किटाचंही सांगितलं. बोलताना त्यांना स्वतःलाच ऐकू येत होतं की हे सगळं एखाद्या मूर्ख माणसानं सांगितल्यासारखं वाटतंय, पण मध्ये थांबता येईना. मधाळरावांच्या थालीपिठाशी येऊन ते एकदाचे थांबले.

"चष्म्याशी मी सगळ्या मिळून चार वाक्यं बोलले असेन," वहिनी म्हणाल्या. "त्यातलं एक 'माझी पट्टी दे' हे होतं. गोड होता, ते खरं. खोटं कशाला सांगू? पण मला त्याचं नावही आठवत नाही."

"मग तो श्वास कुठून आला?"

"तुम्ही तिचे ओठ बघितलेत का कधी?"

"कुणाचे?"

"त्या पोरीचे. महिनाभर काचेमागे बसलात, एकदा तरी बघितलेत? शेवटच्या शब्दाला ती ओठ गोल करते आणि दात मिटते. 'नका ना' म्हटलं की माझं तोंड उघडं राहायचं. आठ टेक मी तोंड उघडं टाकून उभी होते. मास्तरांना कसं सांगायचं, तुमचं वाक्य बसत नाही म्हणून? नवव्याला म्हटलं, मरो तो कागद, हिच्या तोंडात जे बसतंय ते म्हणू या. ओठ गोल, दात बंद. 'नकोस.' बसलं."

"म्हणजे नुसते ओठ?"

"आणि रडू म्हणाल तर ते मला येतं. तेच काम आहे ना माझं? सोळा वर्षं घरमालकिणी केल्या, तेव्हा नाही विचारलंत ही कुणावर ओरडते म्हणून. नर्स केली तेव्हा नाही विचारलंत, कोण आजारी आहे."

ओठांचं ते भाऊंना आता डोळ्यांसमोर दिसत होतं, गोल होणारे, मिटणारे. पोराएवढी अक्कल असलेल्या माणसाला दिसलं असतं. त्यांनी फक्त ऐकलं होतं.

"आज मग का नाही आलं?" त्यांनी हळूच विचारलं. विचारायला नको होतं.

"आज?" वहिनी म्हणाल्या. "आज काचेमागे माणूस मान खाली घालून बसला होता. मला बघताक्षणी कळलं काय केलंय ते. मग मी गाडी बघू, का पोरगी बघू, का तुम्हाला बघू?" त्यांनी शेंग उचलली, सोलली नाही, परत ठेवली. "सोळा वर्षं दुसऱ्यांची वाक्यं बोलते मी. मास्तरांची. कागदावरची. त्यात एक माझं निघालं. एकच. आणि ते तू उडवलंस."

भाऊंच्या कानांनी ते ऐकलं. कान दुसरं काही करूच शकत नव्हते. या 'तू'च्या आधी श्वास नव्हता. तो जागेवर नव्हता, सावकाश नव्हता. 'ते'ला अडखळून कसातरी बाहेर आला होता आणि शेवटी थोडा फाटला होता. मास्तरांनी असा टेक ठेवलाच नसता. आणि खिडकीचा तो दुसरा 'तू', चौदा वेळा ऐकलेला, किती नीट होता, किती मापात! अर्धा श्वास, मग शब्द, मग तो पुसट 'स'. घडवलेला होता तो. आजवर त्या स्टुडिओत इतकं घडीव काम कुणी केलं नव्हतं, आणि इतका मोठा कान असून तो ओळखता आला नाही. अठरा वर्षं ज्याची वाट बघितली तो शब्द आता त्यांना मिळाला होता आणि त्यांना तो परत करावासा वाटत होता.

वहिनींनाही कळलं आपण काय बोललो. त्या हसल्या नाहीत. तोंडावर हात घेतला नाही. शब्द मागेही घेतला नाही.

"मास्तरांना तू सांगतोस," त्या म्हणाल्या, "का मी सांगू?"

भाऊ उठले. वर्तमानपत्राची घडी घातली, ती नीट पडली नाही, तशीच खुर्चीत ठेवली. फोन शेल्फवर होता. तो हातात घेऊन ते क्षणभर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"मी सांगतो," ते म्हणाले. "सगळं सांगतो. सिनेमा परवा जायचाय, उद्याचा दिवस आहे अजून. बटणांवर मी नाही बसणार. दुसऱ्या कुणाला तरी बसवतो." मग ते वळले. "तुम्ही याल का?"

आपण काय म्हणालो हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. वहिनींच्या मात्र आलं.